डोह राखायचा म्हणून

रविवारच्या जेवणाला कोंबडीचा रस्सा आणि मक्याचा पाव होता. हर्शेल रश्शात पाव बुडवत बुडवत बाप्तिस्म्याबद्दल बोलत होता. एरवी हा विषय निघाला की झेल्मा भांडी आपटायला लागायची. आज ती हनुवटीला हात लावून ऐकत बसली. तिथेच हर्शेलने ओळखायला हवं होतं. पण ओळखणं हा त्याचा गुण नव्हता, सांगणं हा होता.

तो सांगत होता की आज दुपारी पुलाखाली मर्लचा बाप्तिस्मा आहे. मर्ल लाकडाच्या गिरणीवरचा गडी, दारातून आडवा होऊन आत येणारा. सगळ्या मंडळीने वर्षानुवर्षं गळ घातली, तेव्हा कुठे तो पाण्यात उतरायला तयार झाला होता.

"सगळे जाणार असतील," झेल्मा म्हणाली.

"सगळे म्हणजे सगळे. डॉयल तर सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय."

"डॉयलही? मग बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"मर्लला बरं वाटेल, म्हणते मी."

हर्शेलने दर वेळेसारखं तिलाही चल म्हणून पाहिलं. ती म्हणाली, तुमचं चालू दे, मी जरा पाय मोकळे करून येते. हे खोटं नव्हतं. झेल्मा खोटं बोलत नसे. समोरच्याला पुरेल एवढं खरं बोलायची आणि उरलेलं स्वतःजवळ ठेवायची. पाय तिला मोकळे करायचेच होते, फक्त कमरेएवढ्या पाण्यात.

आता ह्या दोघांतली बाप्तिस्म्याची भानगड अशी. झेल्मा मेथडिस्ट घरातली. तान्ही असताना तिच्या कपाळावर चार थेंब शिंपडले, झालं काम. हर्शेल बॅप्टिस्ट, त्यांच्यात माणूस डोक्यासकट पाण्याखाली गेल्याशिवाय त्याला आपल्यातला म्हणत नाहीत. लग्न झाल्यापासून दर रविवारी तो तिला तिच्या चर्चच्या दाराशी उतरवायचा आणि पुढे आपल्या चर्चला जायचा. तिथे तो डीकन, म्हणजे चर्चच्या पंचांतला एक होता, आणि तिथे दर बुधवारी झेल्माच्या आत्म्यासाठी नाव घेऊन प्रार्थना व्हायची. त्या प्रार्थनेचा तिला मनस्वी संताप यायचा. "देव मला कपाळावरून ओळखतो," ती म्हणायची, "बाकीची भिजवून दाखवायची गरज नाही." किती पाळक आले आणि बदलून गेले. प्रत्येकाने तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचं गोड खाल्लं, तिला समजावलं, आणि कोरडाच परत गेला.

आणि डोहाची भानगड अशी. बक फोर्क काही मोठी नदी नव्हे. बऱ्याच ठिकाणी गुडघे न भिजवता पलीकडे जाता येतं. पण ऑक्टोबरात पहिलं दंव पडलं आणि सिकॅमोरची पानं पाण्यावरून वाहायला लागली, की तिच्यातला स्मॉलमाउथ बास उथळ पाणी सोडतो. पितळी अंगाचा, लाल डोळ्यांचा, आकाराच्या मानाने भलताच भांडखोर मासा. उन्हाळाभर नदीत विखुरलेला असतो. थंडी लागली की सगळं गोत एखाद्या खोल डोहात येऊन बसतं, ते थेट वसंतापर्यंत. तो डोह ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खी नदी. झेल्माला तो तिच्या बापाने दाखवला, आणि दाखवतानाच बजावलं की उद्या नवरा करशील, त्यालाही सांगायचं नाही. दर शरदात ती एकटी पाण्यात उतरायची, मासा धरायची, डोळाभर बघायची आणि सोडून द्यायची. थंडीसाठी जमलेलं गोत कुणी घरी नेत नाही. म्हणजे लाज असलेलं कुणी. डॉयलच्या पडवीत फ्रीझर होता आणि तो कधी रिकामा नसायचा.

हर्शेलला सांगायची सोयच नव्हती, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. एकदा प्रेमाच्या भरात तिने त्याला रानातली अळंब्यांची जागा दाखवली होती. पुढच्या वसंतात तिथे अळंब्यांऐवजी अर्ध्या गावाच्या बुटांचे ठसे उगवले.

तेव्हा गावातला प्रत्येक गळवाला दुपारभर पुलाखाली उभा राहून गाणी म्हणणार, ह्यापेक्षा चांगला मुहूर्त झेल्माला मिळणार नव्हता. हर्शेलची गाडी वळणाआड जाताच तिने छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली. ती विजार घालून शेतातून जाताना कुणी बघितलं तर बोंबाबोंब. म्हणून वरून तिने आपला जुना फ्लॅनेलचा झगा घातला. त्यावर एके काळी फुलं होती. धुऊन धुऊन आता पांढरा, पायघोळ, सैल असा तो उरला होता. दोन तुकड्यांची गळाची काठी पोत्यात घातली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी अक्रोड वेचायला निघाली.

एवढा विचार करणाऱ्या बाईच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. ती वर्षानुवर्षं ह्या नदीचा दगडन् दगड ओळखत होती. यंदा पाऊस रुसलाय, नदी आटलीय, म्हणून मासे डोहात जास्तच दाटलेत, हेही तिने बरोबर ताडलं होतं. फक्त त्याच आटलेल्या नदीत, पुलाखालच्या घोटाभर पाण्यात, मर्लएवढा माणूस बुडवणार कसा, हे तिने स्वतःला विचारलं नाही. मासे धरायला निघालेल्या माणसाला माणसं सुचत नाहीत.

डोहावर गेली तेव्हा ऊन पाण्यात तिरकं उतरलं होतं. झेल्मा हळूहळू आत शिरली. थंडीतल्या पाण्यात घाई करायची नाही, सावली पुढे पडू द्यायची नाही. गळाला लावलेला रबरी झिंगा तिने वरच्या अंगाला टाकला आणि तळावरून असा सरकवत आणला, जणू तो म्हातारा झालाय. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. मग तंगूस, म्हणजे गळाची दोरी, किंचित जड झाला. तिने मनगट उचललं, आणि तळाशी कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा झटका बसला.

असा मासा तिला आजवर लागला नव्हता. तो वर आला नाही, उडी मारली नाही. सरळ पलीकडच्या धोंड्याकडे चालू लागला. धोंड्याला वेढा बसला तर तंगूस कापला जाणार, म्हणून झेल्मा दोन पावलं पुढे सरकली. तिसरं पाऊल दोन दगडांच्या फटीत गेलं आणि तिथेच राहिलं. तिने पाय ओढून पाहिला, वळवून पाहिला, शिवी देऊन पाहिला. पाणी आता छातीला लागलं होतं.

खालच्या अंगाने गाण्याचा आवाज आला. ते अपेक्षितच होतं. पण गाणं जवळ येत होतं.

झेल्माने कान दिला. मंडळी नदीकाठाने वर वर चालत येत होती, मधेच थांबत होती, कुणीतरी 'इथे नाही, अजून वर बघू' म्हणत होतं, आणि पुन्हा गाणं सुरू होत होतं. आता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही माणसं खोल पाणी शोधत निघाली होती.

तंगूस दाताने तोडला असता. पण गळाला लागलेला मासा झेल्माने गमावला असेल, हातात यायच्या आधी आपण होऊन कधी सोडला नव्हता. तिने काठी पाण्याखाली दाबली, मोकळ्या पायाचा बूट तिच्या मुठीवर ठेवला आणि हात छातीशी धरले. झगा फुगून तिच्याभोवती कमळासारखा तरंगायला लागला. तेवढ्यात विलोच्या फांद्या बाजूला झाल्या.

पुढे म्हातारी युला होती. ती थांबली, तशी मागची सगळी रांग थांबली. गाणं एकेका गळ्यात विझत गेलं. डोहाच्या मधोमध, पांढरा झगा घालून, हात जोडून झेल्मा उभी होती. जिच्यासाठी दर बुधवारी प्रार्थना होत होती, ती.

"प्रभू," युला हळूच म्हणाली, "तू एवढा उशीर लावशील असं वाटलं नव्हतं. पण तू ऐकतोस."

हर्शेल गर्दीतून पुढे आला. "झेल्मा," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला पुढचा शब्द सापडेना. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं असतं हेही तो विसरला होता.

झेल्माने तोंड उघडलं. सरळ सांगून टाकावं, मासे धरतेय, पाय अडकलाय, या आणि काढा. पण तेवढ्यात तिला डॉयल दिसला. डॉयल मर्लकडे बघत नव्हता, पाळकाकडे बघत नव्हता. तो डोहाकडे बघत होता. वरून येणारी धार, पलीकडचा धोंडा, खालचं काळं पाणी, सगळं तो एकेक करून न्याहाळत होता.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही इथे काय करताय?"

"उभी आहे. दिसत नाही?"

"तसं नाही. म्हणजे ह्याच जागी कशा काय?"

"अरे, लाज वाटू दे," युला म्हणाली. "आत्मा उभा करील तिथे माणूस उभा राहतो. तुझ्यासारखं आधी गाडी कुठे लावायची ते बघत नाही."

सगळे डॉयलकडे रागाने बघायला लागले. झेल्माने तोंड मिटलं. एका बाजूला तिचा जन्माचा हट्ट होता, दुसऱ्या बाजूला बापाचा डोह. हट्ट मोडला तर बुधवारी युला मिरवणार, जन्मभर मिरवणार. डोह गेला तर थंडी पडायच्या आत फ्रीझर भरणार, आणि पुढच्या साली नदीत नुसतं पाणी. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं. मंडळीला ते फार भावलं.

नवे पाळक ब्रदर डेन्टन वसंतात गावात आले होते. वाळकेसे, शांत, कमी बोलणारे. ते काळ्या झग्यात पाण्यात उतरले. बॅप्टिस्ट पाळक झग्याखाली रबरी विजार घालूनच पाण्यात येतात, ते काही गुपित नाही. पण झेल्माची नजर झगा तरंगला तशी त्याखाली गेली. विजारीला दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं होती. बाप्तिस्मे देऊन कुणाच्या विजारीचे गुडघे झिजत नाहीत.

ते तिच्याजवळ आले आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्यांनी विचारलं, "स्वखुशीने आलात ना?"

"मी दुसऱ्याच्या खुशीने आजवर कुठेच गेलेली नाही."

"आणि विश्वास?"

"तो तुमच्या जन्माआधीपासून आहे. भांडण फक्त पाण्याच्या मापाचं होतं."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि पाळकांनाही ते पटलं असावं. त्यांनी एक हात तिच्या पाठीमागे घातला, एक हात वर केला. मासा इतका वेळ धोंड्यामागे गप्प होता. वर झालेल्या हाताची सावली पाण्यावर पडली मात्र, तो निघाला. झेल्माच्या बुटाखाली काठी हलली. तंगूस पाळकांच्या पायांभोवती एकदा फिरला. ते बापाच्या, पुत्राच्या असं म्हणत होते तोवर दुसऱ्यांदा फिरला. पवित्र आत्म्याच्या नावापर्यंत मासा तिसरी फेरी मारून चुकला होता, आणि पाळकांनी झेल्माला मागे झुकवण्यासाठी पाऊल टाकलं, ते पडलंच नाही.

दोघंही गेली.

पाण्याखाली अगदी शांत होतं. झेल्माने डोळे उघडे ठेवले होते. कुणी कितीही सांगितलं तरी ती कुठल्याही गोष्टीत डोळे मिटत नसे. तिने मासा पाहिला, जुन्या पितळी भांड्यासारखा, बाजूला वळून तिच्याकडे बघत असलेला. मग तिने पाळकांकडे पाहिलं. पाळकांचेही डोळे उघडे होते. त्यांनी मासा पाहिला, तंगूस पाहिला, काठी पाहिली, झग्याखालची रबरी विजार पाहिली. मग माशाने मान हलवली, तंगूस तुटला, आणि तो सावकाश अंधाऱ्या पाण्यात निघून गेला.

वर काढायला हर्शेल, मर्ल आणि आणखी दोघं धावले. झेल्माच्या विजारीत नदी शिरली होती, ती हलेना. "केवढं ओझं होतं बाईच्या मनावर," कुणीतरी म्हणालं. पाळक म्हणाले, थांबा, आधी प्रार्थना करू. आणि त्यांनी एवढी लांब, एवढी वाकून प्रार्थना केली की मंडळी थक्क झाली. ते कमरेत वाकले, आणखी वाकले, दोन्ही हात पाण्याखाली गेले. झेल्माला कळलं, ते आपल्या पायांभोवतीचे तंगुसाचे वेढे सोडवताहेत. मग एक हात तिच्या अडकलेल्या बुटाच्या टाचेला लागला, बूट एकदा डावीकडे वळला आणि पाय मोकळा झाला. 'आमेन' तिने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं, आणि मनापासून.

आता पुढे काय, हे तिला ठाऊक होतं. हा तरुण सरळ माणूस दिसतोय, सगळ्यांपुढे सांगणार.

पाळक काठावर आले, तोंडावरचं पाणी निपटलं. "बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "ही जागा चांगली नाही. तळ शेवाळलेला, दगडांत फटी. मी स्वतः पडलो, तुम्ही पाहिलंत. पुन्हा इथे बाप्तिस्मा होणार नाही. माझं ऐकाल तर ह्या अंगाला कुणी फिरकूही नका. मर्लला पुढच्या रविवारी शेजारच्या गावच्या चर्चमधल्या टाकीत बाप्तिस्मा देऊ."

मर्लचं तोंड जरा फुललं. टाकीतलं पाणी कोमट असतं, हे त्याने ऐकलं होतं.

डॉयलने काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण पाळक त्याच्याकडेच बघत होते. मग त्यांनी सांगितलं की भगिनी झेल्माशी मला दोन शब्द बोलायचेत, तुम्ही पुढे होऊन गाडी गरम करा. हर्शेलने मर्लसाठी आणलेली गोधडी तिच्या खांद्यांवर टाकली आणि तो इतरांमागून निघाला.

झेल्मा सिकॅमोरच्या मुळीवर बसली आणि दोन्ही पाय वर केले. विजारीतून बादल्या बादल्या पाणी तिच्याच मागे ओघळलं. पाळकांनीही दुसऱ्या मुळीवर बसून तेच केलं.

"विजार चर्चची नाही तुमची," ती म्हणाली.

"नाही. माझी आहे."

"वाटलंच. गुडघ्यांवरून कळलं."

"वसंतापासून ह्या नदीवर फिरतोय," पाळक म्हणाले. "ऑक्टोबर लागला तसे मासे कुठे गेले ते कळेना. मला वाटलं, माझंच काही चुकतंय."

"उथळात शोधत असशील." पाण्याखाली एकत्र गेल्यावर अहो-जाहो कसलं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

"उथळातच."

"शिकवलं नाही कुणी?"

"कुणी नाही," ते म्हणाले. मग नदीकडे बघत, अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "मंगळवारी मला सुट्टी असते."

झेल्माने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. सबंध गावापासून डोह वाचवायला तिने जन्माचा हट्ट पाण्यात घातला होता, आणि डोह वाचलाही होता. फक्त आता अर्धा तिचा नव्हता.

घरी पोचेपर्यंत हर्शेल गाडी अशी चालवत होता, जणू शेजारी अंड्यांची टोपली आहे. मधेच त्याने तिचा हात धरला. तिने धरू दिला. तो म्हणाला, पाळक मला सांगत होते, नव्या माणसाला थोडी शिकवणी लागते, दर मंगळवारी, थंडी कडक होईपर्यंत. तुला चालेल ना? झेल्मा म्हणाली, शिकवायचंच आहे तर नीट शिकवायला हवं, चालवून घेईन.

मंगळवारी पाळक तिच्याआधी येऊन बसलेले. काठी चांगली, हात चांगला, पण झिंगा असा पळवत आणत होते की जणू त्याला कुठे गाडी पकडायची आहे.

"हळू," झेल्मा म्हणाली. "अजून हळू. पाणी गार झालं की त्यालाही धावाधाव नको असते. बसू दे तळाला. तुला वाटेल आता ओढावं, तेव्हा ओढायचं नाही."

त्यांनी ऐकलं. ऐकणारा माणूस होता, हे तिला मान्य करावं लागलं. आणि नेमका त्यांनाच तो मासा लागला. ओठात तिचाच तुटका गळ घेऊन. बराच वेळ त्याने दोघांना घामाघूम केलं. पाळकांनी त्याला ओल्या हातांत धरलं. झेल्माने आपला गळ काढून घेतला, मासा पाण्यात उभा धरायला लावला, आणि तो शेपटी मारून गेला.

पाळक कितीतरी वेळ रिकाम्या हातांकडे बघत राहिले. "कुणाला तरी सांगावंसं वाटतं," ते शेवटी म्हणाले.

"वाटणारच."

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही. मी उभ्या जन्मात नवऱ्याला सांगितलं नाही. मासा धरणं सोपं रे, हे अवघड. हे शिकलास की शिकलास."

ते मान डोलावून गेले खरे, पण तिला त्यांचं लक्षण ठीक दिसलं नाही. तहानेलं माणूस विहिरीवरून परत पाठवावं तसा चेहरा झाला होता.

रविवारी झेल्मा बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली होती. झालं ते झालं, ती अर्धवट काही करत नसे. एका बाजूला हर्शेल, दुसऱ्या बाजूला मिरवायला बसलेली युला, मागे डॉयल. पाळक देवाच्या दयेवर बोलत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, डोळे लकाकले. ती किती मोठी आहे, ते म्हणाले, हे माणसाला सांगून खरं वाटायचं नाही, ती हातात धरून पाहावी लागते. आणि त्यांनी दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं. दया एवढ्या बेताची असेल असं मंडळीला वाटलं नव्हतं, पण पाळकांचा चेहरा बघून पुष्कळांचे डोळे भरून आले.

झेल्माने ते माप नीट पाहिलं. मग ती खाकरली.

पाळकांचे हात वीतभर जवळ आले.